सूक्ष्मजीवशास्त्र : सरकारी प्रयोगशाळा, महाविद्यालय की स्वतःचा व्यवसाय?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीनंतरच्या वाटांविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : मी अंबाजोगाईची असून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करावे, पुढे शिकवावे आणि कधीतरी स्वतःची प्रयोगशाळा काढावी, असे मला वाटते. घरचे म्हणतात, हे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होईल. एकाच आयुष्यात हे तिन्ही जमते का?

उत्तर : जमते. मात्र यांतले आधी काय करायचे आणि नंतर काय, यावर बरेच अवलंबून असते, आणि त्या बाबतीत माझे मत ठाम आहे.

तुमच्याच जिल्ह्यातली घटना घेऊ. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावात ताप आणि जांघेत किंवा काखेत गाठ अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळले आणि प्लेगचा संशय आला. पुढच्याच महिन्यात सुरतेतून फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या येऊ लागल्या, लोक गाड्या भरभरून शहर सोडून गेले, काही देशांनी भारताची विमाने थांबवली आणि निर्यातीला मोठा फटका बसला. एवढे सगळे घडत असताना देशातले जाणकार मात्र ‘हा प्लेग आहे की नाही’ यावरच वाद घालत होते. १९६६ नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती, त्यामुळे हा जंतू स्वतःच्या हाताने वाढवून पाहिलेली माणसे प्रयोगशाळांत फार थोडी उरली होती. शिवाय अनेक रुग्णांच्या पोटात टेट्रासायक्लिन आधीच गेलेले होते, आणि प्रतिजैविक सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातून जंतू वाढवणे कठीण असते. अखेर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. साथ आल्यावर प्रयोगशाळा उभी करता येत नाही. साथ नसलेल्या वर्षांत ती चालू ठेवावी लागते, आणि त्या वर्षांत तिथे बसणाऱ्या माणसाचे काम बाहेरच्यांना रिकामपणाचे वाटते. सार्वजनिक आरोग्याच्या सूक्ष्मजीवशास्त्रातली नोकरी बव्हंशी अशीच असते, हे आधी लक्षात घ्या.

तरीही सुरुवात तिथूनच करावी, असे मी सांगेन. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, वैद्यकीय महाविद्यालयातला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, विषाणू निदान प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाणी तपासणी प्रयोगशाळा, यांपैकी कुठेही काम केले तरी नमुन्यापासून निर्णयापर्यंतची साखळी डोळ्यांनी पाहायला मिळते. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमामुळे उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत आजारांची नोंद होते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर एखाद्या गावातून अतिसाराचे आकडे वाढलेले दिसले की, पाण्याचा आणि शौचाचा नमुना तुमच्या टेबलावर येतो. त्या अहवालावर टाकी रिकामी करायची की नाही, नालीतून गेलेली जलवाहिनी बदलायची की नाही, हे ठरते. शिवाय इथेच माणूस ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा लिहून त्यावर टिकून राहायला शिकतो. यात्रेच्या तोंडावर एखादे सरपंच दोन माणसांना घेऊन येतात, चहा मागवतात आणि ‘साहेब, गावाला पाणी धोकादायक असल्याचे लाल कार्ड मिळेल, एवढे योग्य करून द्या’ असे अगदी जिव्हाळ्याने सांगतात. त्यांचा राग येऊ देऊ नये. टीसीएल (पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर) किती टाकावी, कधी टाकावी आणि फेरनमुना कधी आणावा, हे त्यांना नीट समजावून सांगावे, पण शेरा बदलू नये. सरकारी नोकरीत हे करणे तुलनेने सोपे असते, कारण समोरचा माणूस तुमचा पगार देत नसतो. व्यवसायात तोच माणूस तुमचे बिल देणार असतो, म्हणून ही सवय आधी अंगी मुरलेली असावी लागते.

संशोधन आणि अध्यापन दुसऱ्या टप्प्यावर बरे. आधी कामाला लागलेल्या माणसाला पीएच.डी.साठी विषय शोधत फिरावे लागत नाही. रोटाव्हायरसवरच्या भारतीय लसीची कथा या संदर्भात वाचण्यासारखी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बालकांना रोटाव्हायरसच्या एका प्रकाराचा संसर्ग होऊनही जुलाब होत नव्हते आणि पुढे त्या मुलांना गंभीर आजारापासून संरक्षण मिळत होते, ही गोष्ट डॉ. एम. के. भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरली. रुग्णालयाच्या दैनंदिन कामात सापडलेला तो विषाणू, ११६ई, संशोधन संस्थांच्या हातांतून हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीकडे गेला आणि त्यापासून तयार झालेली रोटाव्हॅक लस २०१६ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली. निरीक्षण रुग्णालयातले, अभ्यास संशोधकांचा आणि उत्पादन कारखान्याचे, अशी ही वाटचाल आहे. ती कंपनी काढणारे डॉ. कृष्णा एल्ला हे मूळचे कृषिविज्ञानाचे विद्यार्थी. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली, साउथ कॅरोलिनाच्या वैद्यकीय विद्यापीठात अध्यापन केले आणि मग १९९६ मध्ये हैदराबादला कंपनी उभारली. घरच्यांना हे उदाहरण सांगा. अर्थात, प्रत्येकाला एवढी मोठी उडी घ्यायची नसते, आणि ते आवश्यकही नाही.

प्रश्न : मी उदगीर येथे वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. सेट (सहायक प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे, पण कायम जागा निघत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी पाणी तपासणीची प्रयोगशाळा काढण्याचा विचार आहे. भांडवल किती लागेल आणि व्यवसाय चालेल का?

उत्तर : केवळ पाण्याच्या भरवशावर ही प्रयोगशाळा चालणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावी पाच महिलांना तपासणी संचावर पाणी तपासायला शिकवण्याचे धोरण आहे, आणि शासकीय प्रयोगशाळाही नाममात्र शुल्कात सर्वसामान्यांचे नमुने तपासून देतात. शेतकरी आपल्या विहिरीचा नमुना तुमच्याकडे जास्त पैसे मोजून का आणील? आणि आणू नये, असेच माझे मत आहे. ते काम सरकारचे आहे आणि ते सरकारकडूनच करून घ्यावे.

पैसे देणारा ग्राहक निराळा असतो. तुमच्या परिसरातल्या दूध संकलन आणि शीतकरण केंद्रांकडे पाहा, भूम-कुंथलगिरी पट्ट्यातल्या खवा भट्ट्यांकडे पाहा, डाळ आणि सोयाबीन प्रक्रिया उद्योगांकडे पाहा, डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयांकडे पाहा. डायलिसिसच्या यंत्राला जाणाऱ्या पाण्यात जिवाणू आणि त्यांचे अंतर्विष (जिवाणूंच्या पेशीभिंतीतले विषारी द्रव्य) किती आहे, हे नियमित तपासावे लागते, कारण ते पाणी पोटात जात नाही, एका पातळ पडद्यापलीकडे थेट रक्ताच्या शेजारून वाहते. लग्नसराईत आणि उन्हाळ्यात गल्लोगल्ली फिरणारे थंड पाण्याचे जार हाही एक मोठा विषय आहे. सीलबंद बाटलीतल्या पाण्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना आणि ठरलेली तपासणी लागते, पण सुट्या जारचे पाणी बहुतेक ठिकाणी कोणीच तपासत नाही. आर.ओ. यंत्रातून आलेले पाणी क्षारांच्या दृष्टीने चांगले असले, तरी त्यात क्लोरीन उरलेले नसते, आणि न धुतलेल्या जारमध्ये ते दोन दिवस राहिले तर जिवाणूंना आयतेच घर मिळते. एखाद्या जारवाल्याला हे पटवून दिले, तर तो तुमचा ग्राहकही होईल आणि गावाचे भलेही होईल; मात्र तो सहजासहजी पटवून घेणार नाही, याचीही तयारी ठेवा.

या सगळ्यांना लागणारा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असावा लागतो, म्हणजे आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यावी लागते. मान्यता म्हणजे भिंतीवर लावायचे प्रमाणपत्र नव्हे. उपकरणांचे अंशमापन, पद्धतीची पडताळणी, इतर प्रयोगशाळांशी निष्कर्ष ताडून पाहण्याच्या चाचण्या आणि कर्मचाऱ्यांच्या क्षमतेच्या नोंदी, हे सर्व वर्षानुवर्षे सांभाळावे लागते. म्हणून पहिल्या वर्षी उत्पन्न नगण्य आणि खर्च पूर्ण, असा हिशेब धरूनच उतरावे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), लॅमिनार (गाळलेल्या हवेचा काम करण्याचा कक्ष), जिवाणू वाढवण्यासाठी ३७ आणि ४४.५ अंशांचे दोन इन्क्युबेटर, मेंब्रेन फिल्ट्रेशनचा (पाणी गाळून जिवाणू पडद्यावर पकडण्याचा) संच, फ्रीज आणि पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा चंडीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहातून आणलेले प्रमाणित जिवाणू, एवढे सुरुवातीला पुरते. यात इन्व्हर्टर विसरू नका. रात्री चार तास वीज गेली आणि इन्क्युबेटरचे तापमान खाली आले, तर सकाळी जिवाणू वाढवायच्या प्लेटवर काहीच न दिसणे ही आनंदाची बातमी नसते. वापरलेल्या प्लेट जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे देण्याआधी प्रयोगशाळेतच निर्जंतुक करणे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार बंधनकारक आहे. भाड्याची जागा घेताना ही सोय पाहूनच घ्यावी.

भांडवलासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहावा. सेवा व्यवसायासाठी त्यात २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला आणि अन्य विशेष गटांना ३५ टक्के अनुदान असते. तपासणीऐवजी एखादे नवे उत्पादन, उदाहरणार्थ स्वस्त तपासणी संच, डोक्यात असेल तर केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचे ५० लाख रुपयांपर्यंतचे प्रारंभिक अनुदान आणि छत्रपती संभाजीनगरच्या ‘मॅजिक’ या उद्योग उबवणी केंद्राचे मार्गदर्शन, या दोन्हींची चौकशी जरूर करावी.

आता या व्यवसायाचा खरा गाभा असलेल्या गोष्टीविषयी, म्हणजे नमुन्याविषयी. प्रयोगशाळा कितीही उत्तम असली, तरी नमुना चुकीचा आला तर अहवाल चुकीचाच निघतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये आणि पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. नमुन्याच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले नसेल, तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहते आणि नळाला जे दूषित होते ते प्रयोगशाळेत शुद्ध ठरते. उलट बाजूने, मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात दुचाकीच्या डिकीतून आलेली बाटली विहिरीविषयी काहीच सांगत नाही, ती फक्त डिकीविषयी सांगते. नमुना बर्फाच्या पेटीतून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत तपासणीला लागला पाहिजे. म्हणून पहिली नेमणूक यंत्र चालवणाऱ्याची करू नका, नमुना आणणाऱ्याची करा, त्याला चांगला पगार द्या आणि बाटल्या ग्राहकाच्या हाती सोपवू नका. खवा भट्टीचा मालक स्वतः नमुना घेऊन येतो, तेव्हा तो सगळ्यात चांगला खवा घेऊन येतो; यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही.

तासिका मात्र लगेच सोडू नका. मानधन तोकडे आणि उशिरा मिळणारे असले, तरी महाविद्यालयात असल्यामुळे वाचन चालू राहते आणि नव्या पिढीतली हाताने स्वच्छ काम करणारी दोन-तीन मुले नजरेत येतात. त्यांना प्रशिक्षणाच्या नावाखाली फुकट राबवू नका, एवढीच विनंती.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात शासकीय प्रयोगशाळेत कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून काम करते. करार दर वर्षी वाढवून मिळतो. या अनुभवाला पुढे किंमत असते का?

उत्तर : असते, पण ‘इतकी वर्षे काम केले’ अशा एका ओळीच्या दाखल्याला ती फारशी नसते. कोणत्या चाचण्या तुम्ही स्वतंत्रपणे करता, कोणत्या बाह्य गुणवत्ता चाचण्यांत भाग घेतला, कोणते प्रशिक्षण घेतले, यांचा तपशील दाखल्यात लिहून घ्या आणि अधिकारी बदलून जाण्याआधी घ्या. नंतर आलेले अधिकारी सही करायला कचरतात. औषध कंपन्यांत, विशेषतः वाळूज आणि शेंद्रा भागात, निर्जंतुकतेची तपासणी, अंतर्विषाची चाचणी आणि उत्पादन कक्षातल्या हवेवरची देखरेख यांसाठी सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात. नोंदी नीट ठेवण्याची सवय तिथे पदवीइतकीच पाहिली जाते. मात्र शासकीय प्रयोगशाळेची नोंदवही किंवा अहवालांच्या प्रती ‘पुरावा’ म्हणून बाहेर नेऊ नका. त्यांत रुग्णांची नावे असतात.

प्रश्न : मी परभणीजवळच्या अनुदानित महाविद्यालयात कायम प्राध्यापक आहे. पत्नीच्या नावाने प्रयोगशाळा काढून काम मीच पाहावे, असा सल्ला मित्र देतात. अनेक जण असे करतात. यात गैर काय?

उत्तर : पुष्कळ गैर आहे, आणि ‘अनेक जण करतात’ हे उत्तर चौकशी समितीसमोर चालत नाही. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही आणि कुटुंबीयांच्या व्यवसायाची माहितीही द्यावी लागते. तुम्हांला तुमच्या विद्यापीठाचे परिनियम लागू आहेत. ते प्राचार्यांकडून मागून घेऊन वाचा. पत्नी स्वतः पात्र असतील आणि व्यवसाय खरोखर त्याच चालवणार असतील, तर तो त्यांचा हक्क आहे. तशी लेखी माहिती संस्थेला द्या आणि तुम्ही त्या जागेपासून दूर राहा.

नियम बाजूला ठेवले तरी अडचण उरतेच. तुमच्या विभागाचे ऑटोक्लेव्ह बिघडले की घरच्या प्रयोगशाळेचे वापरले जाईल, घरचे बिघडले की विभागाचे वापरले जाईल, आणि सहा महिन्यांत जिवाणू वाढवण्याचे कोणते माध्यम कोणाच्या पैशाने आणले, हे तुम्हांलाही सांगता येणार नाही. प्रात्यक्षिकाचे गुण तुमच्या हाती असलेली मुले ‘सरांच्या लॅब’मध्ये रविवारी काम करतील आणि ते ऐच्छिक होते, असे तुम्ही म्हणाल. मुंबईच्या हाफकिन संस्थेचा इतिहास इथे आठवतो. १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत संशोधन आणि लसनिर्मिती वर्षानुवर्षे एकत्र होती. १९७५ मध्ये राज्य सरकारने त्यांची फारकत केली. प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी संस्थेकडे राहिली, आणि उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. सरकारी मालकीच्या दोन कामांनाही वेगळी खाती लागली, तर आपल्या घरातल्या दोन कामांना ती लागणारच.

तुमच्यासाठी सरळ मार्ग आहे. महाविद्यालयामार्फत सल्ला सेवा द्या, शुल्क संस्थेच्या खात्यात जमा होऊ द्या आणि नियमाप्रमाणे तुमचा वाटा घ्या. तो कमी वाटेल, पण तुमचा शेरा कोणी विकत घेतला, असे कोणी म्हणणार नाही. पूर्णवेळ व्यवसायच करायचा असेल, तर स्वेच्छानिवृत्ती घेऊन करावा. पन्नाशीनंतर असे केलेली आणि उत्तम चालवलेली माणसे आहेत; त्यांच्याकडे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांची ओळख असते, जी तिशीतल्या उद्योजकाकडे नसते.

प्रश्न : भोकरदन तालुक्यात शेती करतो. मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून गावात लॅब टाकावी, असे नातेवाईक म्हणतात. तिला सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करायचे आहे. कोणते बरे?

उत्तर : लवकर नोकरी हवी असेल, तर डी.एम.एल.टी. उपयोगी आहे, त्याला कमी लेखू नका. परंतु ‘गावात लॅब’ हा सल्ला अपुरा आहे. रुग्णांच्या तपासणीच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. तंत्रज्ञाने स्वतः सही करून अहवाल दिला, तर उद्या तक्रार तिच्यावर येईल, नातेवाइकांवर नाही. पाणी आणि अन्न यांच्या तपासणीला हा नियम लागू नाही, आणि तिथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधराला, विशेषतः एम.एस्सी. झालेल्याला, स्वतःच्या सहीने काम करता येते. तिचा कल त्या बाजूला असेल, तर बी.एस्सी. करू द्या. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी तिला घेऊन प्रयोगशाळेत जा आणि मुले हाताने प्लेट ओतताना दिसतात का, ते बघा. दिसली नाहीत, तर दुसरे महाविद्यालय पाहा.

प्रश्न : या क्षेत्रात पुढे जायचे, तर मराठवाडा सोडावाच लागतो का? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : शिकण्यासाठी काही काळ सोडावा. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि मुंबईची हाफकिन संस्था यांतले अल्प मुदतीचे प्रशिक्षण किंवा प्रकल्पावरचे कामही खूप काही देऊन जाते, आणि नांदेडकरांना हैदराबाद तर पुण्यापेक्षा जवळ आहे. लसी आणि जैव-औषधे यांचे उद्योग तिथे एकवटले आहेत. त्यासाठी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्र विषयाची तयारी सुरू करा. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर राहण्या-खाण्यासाठी वडिलांकडे हात पसरावा लागत नाही, आणि सहायक प्राध्यापकपदासाठी लागणारी नेटची पात्रताही त्याच परीक्षेतून पदरात पडते. वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या शिक्षकांना घेण्याचे नियम मात्र २०२० पासून बदलत आले आहेत, तेव्हा त्या आशेवर प्रवेश घेण्याआधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची ताजी अधिसूचना वाचा.

परत येण्याविषयी माझा आग्रह नाही, पण इथे काम नाही, हे मात्र खरे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. टंचाईच्या काळात टँकर कुठून भरतो, त्यात टीसीएल पडते की नाही आणि आठवड्यातून एकदा येणारे पाणी घरोघरच्या पिंपात चौथ्या दिवशी कसे असते, याचा पद्धतशीर अभ्यास आजही कोणाला करायचा असेल, तर विषय आणि नमुने दोन्ही तुमच्या दारात आहेत. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना भेटायला जाल, तेव्हा हाच प्रश्न घेऊन जा.